हन्नाची हातबोशी

रोह्यात हन्नाबाईचं नाव दोन गोष्टींसाठी निघायचं. एक तिच्या हातचं वालाचं बिरडं आणि दुसरे तिच्या तोंडचे शाप. बिरडं तिने सगळ्या आळीला खाऊ घातलं. शाप मात्र एकाच माणसासाठी राखून ठेवले होते. तो म्हणजे तिचा थोरला दीर, पेणचा एलिजा.

सकाळी स्टो पेटवताना ती परमेश्वराचं नाव घ्यायची आणि त्याच दमात पुढे म्हणायची, "एलिजाला उचल रे बाबा. पण घाई करू नको. सावकाश उचल, जरा कळू दे त्याला." भिंतीपलीकडून शेजारीण मैना ओरडायची, "गो हन्नाबाय, देवाला चहा तरी पिऊ दे आधी!" हन्ना हसायची नाही. या बाबतीत तिला कुणी चेष्टा केलेली खपत नसे.

आता एवढा राग कशापायी, तेही सांगतो. हन्ना बेने इस्रायलांपैकी, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. या लोकांना आपल्याकडे पूर्वीपासून शनवार तेली म्हणतात, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. बैलालाही सुट्टी. एलिजा आणि हन्नाचा नवरा अबराम, हे दोघे भाऊ पेणला अशाच एका घाण्यावर वाढले. पुढे तेलाच्या गिरण्या आल्या आणि घाणा बसला. एलिजाने सुतारकाम धरलं. स्वतःचा धंदा, स्वतःची मर्जी, शनिवार पाळायला कोण अडवतो? अबराम रोह्याला आला आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला. तिथे शिफ्ट शनिवार बघून येत नाही. एलिजा पेणच्या सिनेगॉगमधला मोठा माणूस, प्रार्थना तोच सांगायचा. त्याने धाकट्याला बजावलं, नोकरी सोड. अबराम म्हणाला, "दादा, शनवारी पोराला उपाशी ठेवू काय?" त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं तुटलं.

पंच्याऐंशी सालच्या पावसाळ्यात अबराम छातीत कळ येऊन गेला. माती त्याच दिवशी व्हायला हवी. आणि मातीवर काद्दीश म्हणायचा, मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तर दहा पुरुष लागतात. तेरा वर्षांच्या वरचे, आपल्यातले दहा. नऊ असतील तर काद्दीश नाही, मग तुम्ही कितीही रडा. मुंबईहून निघालेली माणसं पेणच्या पलीकडेच पाण्यात अडकली होती. बाकीची कधीच इस्रायलला गेलेली. मुलगा डॅनियल बाराचा, म्हणजे मोजणीत नाही. कब्रस्तानात नऊ जण उभे होते आणि दहावा एलिजा, फाटकाबाहेर छत्री धरून.

तो आत येईना. म्हणाला, "ज्याने शनवार मोडला, त्याच्यासाठी मी दहावा उभा राहणार नाय."

हन्नाने त्या चिखलात त्याचे पाय धरले. "भावजी, मला काय बोलायचं ते उद्या बोला. आज एवढं करा." एलिजाने पाय मागे घेतले. सोडवून घेतले म्हणा ना! नऊ माणसांनी मुकाट्याने माती लोटली. मागाहून मुंबईच्या मंडळींनी आपल्या सिनेगॉगमध्ये अबरामसाठी काद्दीश म्हटला म्हणे. हन्नाने तो धरलाच नाही. मातीवरचा तो मातीवरच, तिचं सरळ गणित होतं.

त्यानंतर तिने एलिजाशी हातबोशी बंद केली. हातबोशी म्हणजे या लोकांची भेटायची रीत. समोरच्याचे हात आपल्या हातात घ्यायचे, मग आपली बोटं आपल्याच ओठांना लावायची. लग्न असो, सण असो, प्रार्थना संपली की सगळे एकमेकांशी हातबोशी करतात. हन्ना सगळ्यांशी करायची. एलिजा समोर आला की हात पदराखाली. दहा वर्षं तिने हे पाळलं, एकदाही चुकली नाही. एलिजाची बायको तामार प्रत्येक सणाला डोळ्यांनी विनवायची आणि हन्ना तिच्याकडे बघायचीच नाही.

आणि पंच्याण्णव साली बातमी आली. एलिजाला रक्ताचा कॅन्सर झाला!

हन्नाने त्या दिवशी शिरा केला. काजू-बेदाणे घालून. डॅनियल आता बावीस वर्षांचा, बापासारखाच धाटावला कंपनीत. त्याने विचारलं, "आज काय हाय गो आई?" तिने सांगितलं. त्याने ताट बाजूला सारलं. "आई, असं करू नये." हन्ना म्हणाली, "नको तर नको खाऊस, मला जास्त मिळेल." आणि खरंच दोन वाट्या खाल्ला तिने.

एलिजा मुंबईच्या इस्पितळात काही दिवस राहिला, रक्ताच्या बाटल्या चढवून घेतल्या. औषधं मात्र सुरूच होऊ दिली नाहीत. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघितली आणि म्हणाला, मरायचंच तर पेणला मरतो. डॉक्टरांनी तामारला ताकीद दिली की यांच्या अंगात लढायची ताकद उरलेली नाही, साधा ताप आला तरी जातील, बाहेरचं माणूस जवळ येऊ देऊ नका. तामारने हे भेटेल त्याला सांगितलं. दाराशी खुर्ची टाकून बसली, सख्ख्या शेजारणींनाही ओसरीवरून परत पाठवू लागली. हे सगळं पेणहून रोह्यात हन्नाच्या कानावर आलंच.

आता इकडे काय झालं, मैनाच्या सुरभीला कांजिण्या आल्या. मैनाने रीतीप्रमाणे दाराला कडुनिंब बांधला, घरात फोडणी बंद केली, देवी आलीय म्हणून आवाजसुद्धा खाली आणला. हन्नाला असल्या गोष्टींचं भय नव्हतं. पोरीला पेज भरवायला ती रोज जायची. पोरगी बरी झाली, न्हाली. त्यानंतर एका सकाळी हन्नाचं अंग मोडून आलं. आरशात बघते तर मानेवर, कानाच्या खाली, पाण्याचे दोन फोड. तिला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या.

तिने त्यांना हात लावून पाहिला. आणि मग तिला ते सुचलं.

अहो, आपल्याला ताप आला की आपण गोधडी ओढतो. या बाईने नवं लुगडं काढलं! केस विंचरून मानेवर सैल अंबाडा घातला, वरून पदर घट्ट लपेटला आणि पेणची एस्टी पकडली. त्या एस्टीत लेकुरवाळ्या बाया होत्या, म्हातारी माणसं होती. त्यांचं काय होईल, हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. नागोठणं गेलं तशी तिला हुडहुडी भरली. दात आवळून बसून राहिली. डोक्यात एकच. आता बघ, भावजी. आता येते मी तुझ्या दहाव्याला.

तामारने तिला दारात पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. दहा वर्षांनी आलेली जाऊ! ज्या दारावरून तिने अख्खी आळी परत पाठवली होती, त्या दारातून हन्नाला हाताला धरून आत घेतलं. "हन्ना आली हो! तुमची हन्ना आली!" असं ओरडत ती चहा टाकायला गेली. आपल्याकडे रुसलेलं माणूस आपल्या पायांनी घरी आलं की डॉक्टर कुणाच्या लक्षात राहतो?

एलिजा खाटेवर होता. दरवाजे-चौकटी एका हाताने उचलणारा माणूस, आता उशीवरून मान उचलायची तर धाप लागत होती. हन्नाला दया आली का? छे! उलट तिला वाटलं, अजून जरा वाळायला हवा होता.

"भावजी," ती म्हणाली, "हातबोशी करायला आलेय."

एलिजा तिच्याकडे बघत राहिला. मग दोन्ही हात पुढे केले. तिने ते आपल्या तापलेल्या हातांत घेतले आणि सोडलेच नाहीत. पदराच्या टोकाने त्याचं तोंड पुसलं, कपाळ पुसलं, अगदी जवळ वाकून त्याची विचारपूस केली. एलिजाने आपली बोटं ओठांना लावली. तामार दारात कपबशी घेऊन उभी, डोळ्यांतून पाणी. हन्नाने चहा घेतला आणि निघाली. परतीच्या एस्टीत अंग फणफणलं होतं आणि बाई गाणं गुणगुणत होती.

पुढे तिचे हाल कुत्रा खाईना असे झाले. मोठ्या वयात आलेल्या कांजिण्या, तळपायापासून टाळूपर्यंत फोड. मैनाने पेज भरवली, डॅनियलने रजा टाकली. तापातसुद्धा ती विचारायची, "पेणचं काय कळलं?"

पेणचं कळलं ते तिच्या खपल्या गळत असताना. एलिजाला कांजिण्या निघाल्या. ताप उतरत नव्हता, माणूस ओळखत नव्हता. स्थानिक डॉक्टरांनी तामारला सांगितलं, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. हन्ना उठून बसली. पेटीतली पांढरी साडी काढून उन्हात टाकली. "आई, कोण गेलं?" डॅनियलने विचारलं. "जातोय," हन्ना म्हणाली. "आणि ऐक. त्याच्या मातीला तू जायचं नाय. मोजू दे त्यांना, किती होतात ते."

बघितलंत? हे होतं तिच्या पोटात. नुसतं मरून भागणार नव्हतं, त्याची माती नऊ जणांतच व्हायला हवी होती. माणसं दर वर्षी इस्रायलला जात होती. डॅनियलला घरी कोंडला की दहा भरणं मुश्कील, हे तिने पुरतं जोखलं होतं.

साडी वाळली, घडी झाली, पण बातमी येईना. मग आली ती भलतीच. एलिजाचा ताप उतरला. मग म्हणे त्याने भात मागितला. मग म्हणे तो ओसरीपर्यंत चालला. तामार त्याला मुंबईला घेऊन गेली, तर तिथल्या डॉक्टरांनी रक्त दोन-दोनदा तपासलं. रोग दिसेना! औषध नाही, काही नाही, आणि रक्त धुतल्यासारखं साफ. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, फार क्वचित असं घडतं. बाहेरच्या तापाशी लढायला शरीर खडबडून उठतं आणि त्या भरात आतल्या रोगालाही झोडपतं. कसं, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण भरवसा धरू नका, रोग परत येऊ शकतो.

हन्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारायला गेली ती आणि जगवून आली! स्वतःच्या अंगावरचे व्रण बघून ती दातओठ खायची. परमेश्वरालाही सोडलं नाही तिने. "दहा वर्षं सांगितलं तुला, एक काम सांगितलं, तेही उलटं केलंस!"

त्यात भर तामारची. तिने गावभर करून टाकलं की हन्नाने माफ केलं, हन्नाच्या हातबोशीने माणूस उठला. सिनेगॉगमध्ये तेच, बाजारात तेच. रोह्यात बाया पोरंबाळं घेऊन दारात यायला लागल्या. "हन्नाबाय, जरा हात फिरव गो याच्यावरून, खोकला जात नाय." हन्ना केरसुणी घेऊन धावायची. बाया म्हणायच्या, बघा, चांगुलपणा दाखवून घ्यायलाही आवडत नाय बिचारीला!

शेवटी निरोप आला की एलिजाने मलिद्याचा नवस बोललाय आणि तो फेडायचा तर हन्नाच्याच घरी. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने हे लोक मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. हन्ना नाही म्हणणार होती, पण डॅनियलने परस्पर हो कळवलं होतं. तर एका रविवारी पेणहून मंडळी आली. पुरुष अकरा भरले, एलिजा आणि डॅनियल धरून. ताट सजलं, गाणं झालं, प्रार्थना झाली. एलिजाच्या अंगावर मांस चढलं होतं. तो उठला आणि म्हणाला, "हन्नाने माझे हात घेतले म्हणून मी आज उभा हाय." आणि सगळ्यांदेखत दोन्ही हात तिच्यापुढे केले.

हन्नाचा बांध फुटला.

"मेल्या, मी तुला मारायला आले होते!" आजवर कधी दिराला अरेतुरे केलं नव्हतं, तेही गेलं. "मला कांजिण्या होत्या. फोड झाकून आले, मुद्दाम आले. तुझं तोंड पुसलं ते माया म्हणून नाय पुसलं. तू कुजून मरावास म्हणून पुसलं. ऐका सगळ्यांनी! माफी गेली खड्ड्यात!"

ताटाभोवतीची माणसं खाली बघायला लागली. डॅनियल पांढराफटक पडला. एलिजाने हात खाली घेतले.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "तू वाकलीस तेव्हा पदर सरला. मानेवरचा फोड दिसला. हात लावलास तेव्हा चटका बसला."

"मग हात मागे का नाय घेतलास?"

"एकदा पाय मागे घेतले होते. दहा वर्षं तेच दिसतंय डोळ्यांपुढे. मी म्हटलं, घेऊ दे हिला काय घ्यायचं ते."

तामारने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तिला कुणी थोबाडीत मारलीय. ती उठून मोरीकडे गेली.

आणि हन्ना? तुम्हाला वाटेल विरघळली. अहो, ती आणखी पेटली! म्हणजे सूडसुद्धा तिने घेतलेला नव्हता, याने दिलेला होता. भीक घातल्यासारखा! आणि मग तिची नजर माणसांवरून फिरली. एक, दोन, तीन. ओठ हलवत तिने सगळे मोजले.

"उठा," ती म्हणाली. "मलिदा राहू दे. टोप्या घाला आणि चला माझ्याबरोबर. हा पण. हा सगळ्यांत पुढे."

भर दुपारी रोह्याच्या रस्त्यातून अकरा पुरुष, त्यांच्या पुढे एलिजा आणि त्याच्याही पुढे हन्ना, असे ते कब्रस्तानात गेले. फाटकाशी एलिजा थबकला. हन्ना म्हणाली, "आत." तो आत गेला. डॅनियलने बापाच्या मातीवर उभं राहून काद्दीश म्हटला आणि प्रत्येक ठिकाणी एलिजाचा आमेन सगळ्यांत मोठा होता. शेवटी शेवटी त्याचा आवाज फाटला. हन्ना एका बाजूला उभी राहून ऐकत होती. दहा वर्षांत पहिल्यांदा ती नवऱ्यासाठी रडली. आतापर्यंत फुरसतच झाली नव्हती, रागच पुरत होता. पण एलिजाने पुन्हा हात पुढे केले, तेव्हा तिने पाठ फिरवली. माफबीफ काही केलं नाही तिने. उगाच गैरसमज नको.

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पुढच्या वर्षी रोग परत आला आणि या वेळी थांबला नाही. एलिजा एका शुक्रवारी सकाळी गेला. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, म्हणजे त्यांचा पाळायचा शनवार, लागतो, मग माती नाही. म्हणजे त्याआधीच उरकायला हवं. पेणहून मैनाच्या फोनवर निरोप आला तो एवढाच, की एलिजा गेला. या, असं कुणी म्हटलं नव्हतं. तामारने निरोपात डॅनियलचं नावही काढलं नव्हतं.

हन्ना पाटावर बसून राहिली. एक घर मधे इस्रायलला गेलं होतं आणि मुंबईचं एक आलं होतं. तिने बोटांवर मोजले. डॅनियल धरून दहा. डॅनियल नाही, तर नऊ. आणि डॅनियल पहिल्या शिफ्टला धाटावला होता, त्याला काही माहीतच नव्हतं. तिला काही करायचंसुद्धा नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. जे दहा वर्षं मागितलं ते आपल्या पायांनी दारात आलं होतं.

मैना म्हणाली, "गो, आता तुझ्या मनासारखं झालं."

"गप बस," हन्ना म्हणाली आणि चपला शोधायला लागली.

कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणाला, शिफ्ट सुटल्यावर भेटा. हन्नाने त्याच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला, की आतून सुपरवायझर धावत आला. डॅनियल कंपनीच्या कपड्यांतच बाहेर पडला. एस्टी गेली होती. मित्राची मोटरसायकल घेतली, मागे आई, आणि निडी, नागोठणं करत पेण गाठलं. कब्रस्तानात नऊ माणसं उभी होती. ऊन उतरायला लागलं होतं, दोघं-तिघं म्हणत होते की आता थांबून उपयोग नाही. तामार एका दगडावर बसून होती, कुणाकडे काही मागत नव्हती.

एलिजाला मूलबाळ नव्हतं. काद्दीश डॅनियलनेच म्हटला.

माणसं पांगली तशी तामार आली आणि हन्नाच्या गळ्यात पडायला लागली. हन्नाने तिला हाताने लांब धरलं.

"तुझ्यासाठी नाय आणला पोराला. त्याच्यासाठी तर नायच नाय. त्याने माझ्या अबरामला आमेन दिलान, तो माझ्या उरावर बसला होता. त्याच्या उपकाराखाली राहून त्याला शिव्या कशा घालू? आता फिटलं. आता मी मोकळी. आता इथे बसून, शब्बाथ लागेपर्यंत, पोटभर घालणार हाय."

तामारने डोळे पुसले. खाली मातीशेजारी बसली आणि हन्नाला बसायला जागा केली.

"घाल," ती म्हणाली. "माझ्या वाटच्याही घाल. मला न विचारता तुझ्यापुढे मरायला हात केलेन त्याने."